६२ जेवणं

डोंबिवलीत आम्ही घर घेतलं ते २०२१ मध्ये. तेव्हा गृहकर्जाचा दर सात टक्क्यांच्या आत होता. मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा रेपो दर चढत गेला, चारवरून फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर आला, आणि आमचा हप्ता टप्प्याटप्प्याने महिन्याला ४,३०० रुपयांनी वाढला. मुदत वाढवली असती तर हप्ता तोच राहिला असता, पण निवृत्तीनंतरही कर्ज डोक्यावर राहिलं असतं. ते आम्हा दोघांनाही नको होतं. मग हे ४,३०० आणायचे कुठून? मुलांची फी ठरलेली, लोकलचा पास ठरलेला, सासूबाईंच्या मधुमेहाच्या गोळ्या ठरलेल्या. हात घालण्यासारखी एकच जागा उरली, स्वयंपाकघर.

घरात आम्ही पाच जण. सासूबाई, हे, मी, तेव्हा नववीत असलेली मुलगी आणि पाचवीतला मुलगा. २०२३ च्या जुलैच्या शेवटच्या रविवारी मी मोबाईलवरचे सगळे व्यवहार आणि वाण्याची बिलं काढून जून महिन्याचा हिशेब मांडला. किराणा ९,१००. भाजी आणि फळं ४,८००. दूध ३,९००. मासळी, अंडी, चिकन मिळून ३,६००. आणि बाहेरून मागवलेलं ५,७५०. एकूण २७,१५०. शेवटचा आकडा मी दोनदा तपासला. आम्ही काही हॉटेलात जाणारी माणसं नाही. पण अकरा वेळा काही ना काही घरी मागवलेलं होतं आणि शिवाय स्टेशनवरून येताना आणलेले वडे-समोसे होते.

त्याच दिवशी मी ऑगस्टचा तक्ता केला. ३१ दिवस, दोन वेळा, ६२ जेवणं. प्रत्येक चौकोनात पदार्थाचं नाव लिहिलं. फ्लॉवर-बटाटा, मेथी, भरली वांगी, छोले, पुलाव, टोमॅटोचं सार. टोमॅटो तेव्हा आमच्याकडे १४० रुपये किलो होता, म्हणून सार एकदाच. श्रावण आहे म्हणून महिनाभर मासळी नाही, अंडीही नाहीत. मग त्या ६२ जेवणांना लागणाऱ्या सामानाची यादी केली आणि घाऊक दुकानातून सगळं एकदम आणलं. रवा दोन किलो, बेसन तीन किलो, पोहे दोन किलो, चार प्रकारची कडधान्यं, छोले, राजमा, साबुदाणा. बिल ११,००० च्या वर गेलं, तरी मला समाधान वाटलं. आता महिनाभर वाण्याकडे जायचं नाही, असं मी घरात सांगितलं.

तक्ता दुसऱ्याच दिवशी मोडला. २ ऑगस्टला बुधवार होता. ३१ जुलैला मासेमारीची पावसाळी बंदी संपते, होड्या समुद्रात जातात आणि दोन महिन्यांनी ताजी मासळी दिसायला लागते. ह्यांनी येताना बांगडे आणले. मी म्हटलं, अहो, श्रावण ना? तेव्हा सासूबाई म्हणाल्या की हा अधिक महिना आहे, आपल्या घरी निज श्रावण पाळतात. २०२३ मध्ये श्रावण दोन होते. १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक, आणि १७ ऑगस्टपासून निज. म्हणजे मासळीसाठी नेमके सोळा दिवस मोकळे होते आणि मी ते सगळे डाळी-भाज्यांनी भरून टाकले होते. त्या रात्रीसाठी आणलेली मेथी शुक्रवारपर्यंत पिवळी पडली. शुक्रवारी संकष्टी निघाली, तीही मी पाहिली नव्हती. सासूबाईंचा आणि माझा उपास, मुलांसाठी वेगळं काहीतरी, आणि तक्त्यात लिहिलेले छोले सकाळपासून भिजून फुगलेले.

पुढच्या आठवड्यात पाऊस असा लागला की फ्लॉवर आतून काळा येत होता. वांग्यांत अळ्या निघाल्या. मी तक्त्याला धरून भाजी शोधत फिरायचे आणि जी मिळायची ती महाग घ्यायचे, कारण तक्त्यात ती होती. बाजार ज्या भाजीने भरलेला असायचा, ती माझ्या यादीत नसायची. २० ऑगस्टच्या सुमाराला रव्यात जाळी धरली. बेसनाला वास यायला लागला. ज्या दिवशी मला कामावरून यायला उशीर व्हायचा, त्या दिवशी तक्त्यात नेमकी भरली वांगी असायची, आणि मग पुन्हा मोबाईल हातात. महिन्याअखेरीला बेरीज केली तर २८,३०० झाले. जूनपेक्षा ११५० रुपये जास्त. मला रडू आलं. पैसे गेले त्याचं होतंच, पण महिनाभर मी घरातल्या प्रत्येकाशी जेवणावरून वाद घातला होता, त्याचं जास्त होतं.

सासूबाई सहसा माझ्या व्यवहारात बोलत नाहीत. पण मी तक्ता फाडायला घेतला तेव्हा त्या मालवणीत बोलल्या. मनापासून काही सांगायचं असलं की त्या मालवणीवर येतात. “घरात काय आसा ता आदी बघ, मगे काय करूचा ता ठरव.” आणि मग म्हणाल्या, “आमची खाणावळ होती, तुला माहितेय ना?”

माहीत होतं, पण जुन्या घरातली एक गोष्ट म्हणून. लालबागच्या चाळीत माझ्या आजेसासूबाई गिरणी कामगारांची खाणावळ चालवायच्या. सासूबाई लग्न होऊन आल्या आणि त्यात शिरल्या. चौदा माणसं दोन वेळा जेवायची, सगळे कोकणातून एकटे आलेले, बायका-मुलं गावाला. गिरणगावात अशा खाणावळी शेकड्यांनी होत्या आणि बहुतेक बायकांच्या जिवावर चालायच्या. सावकाराच्या व्याजात त्या बायका पिचू नयेत, त्यांना बँकेचं कर्ज मिळावं, म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. त्या कर्जातून घेतलेला एक मोठा टोप आजही आमच्या माळ्यावर आहे.

मी वही घेऊन त्यांच्यासमोर बसले. मला वाटलं होतं त्या पदार्थ सांगतील. त्यांनी आधी पैसे सांगितले. खाणावळीत माणूस महिन्याचे पैसे पगाराच्या दिवशी द्यायचा, आणि तेवढ्यातच त्याला तीस दिवस जेवू घालायचं. मध्ये भाव वाढला म्हणून जास्त मागता येत नाही आणि ताट रिकामं ठेवता येत नाही. म्हणून जे महिनाभर टिकतं ते महिन्याचं भरायचं, जे टिकत नाही ते ठरवायचंच नाही. तांदूळ, कुळीथ, डाळ, तेल, मसाला, सुकी मासळी, आमसुलं महिन्याची. भाजी रोजची, आणि ती बाजार ठरवेल. तक्त्यात फक्त वार लिहिलेले असायचे. या वारी उसळ, या वारी पालेभाजी, या वारी सुकं. “तू पदार्थ लिहिलेस,” त्या म्हणाल्या. “वार लिहायचे आणि जिन्नस लिहायचे.”

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाख माणसं घरी बसली, आणि खाणावळीत जेवणाऱ्यांकडे द्यायला पैसे उरले नाहीत. काही महिने वाण्याने उधार दिलं. मग जेवणारे एकेक करून गावी गेले. माझे यजमान तेव्हा तीन वर्षांचे होते. गावाहून येणाऱ्या माणसाबरोबर नणंदेने पाठवलेले तांदूळ आणि कुळीथ, यावर सासूबाईंनी किती दिवस काढले ते त्यांना तारखेनिशी सांगता येतं. हे सांगताना त्या दुःखी नव्हत्या. कुळथाच्या एका वाटीत किती माणसं जेवतात ते मला नीट समजावं, एवढंच त्यांना हवं होतं.

सप्टेंबरात आम्ही गणपतीला गावी जाणार होतो, त्यामुळे पूर्ण महिना हातात नव्हता. तो मी नुसतं लिहून काढण्यात घालवला. जाण्याआधीचे पंधरा दिवस रोज रात्री वहीत दोन गोष्टी टिपल्या, काय केलं आणि काय उरलं. हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण माझ्या मते सगळं काम इथेच झालं. जवळजवळ रोज दोन वाट्या भात उरत होता. तीन पोळ्या उरत होत्या. नारळाची अर्धी कवड फ्रीजमध्ये पिवळी पडत होती. कोथिंबिरीची जुडी निम्मी टाकली जात होती. आणि बाहेरून मागवलेलं जुळवून पाहिलं तर जूनमधल्या अकरापैकी आठ वेळा बुधवार किंवा गुरुवार होता. त्या दोन दिवशी ऑफिसात हिशेब जुळवायचे असतात, मला पुढची लोकल मिळते आणि घरात पाऊल टाकायला सव्वाआठ-साडेआठ होतात. सासूबाईंना गुडघ्यांमुळे ओट्याशी फार वेळ उभं राहता येत नाही. मुलं भुकेली असतात. पैसे तिथून गळत होते, आणि मी इतके दिवस टोमॅटोच्या भावाकडे बघत होते.

ऑक्टोबरचा कागद केला तेव्हा आधी भिंतीवरचं कॅलेंडर समोर ठेवलं. संकष्टी, एकादशी, १५ तारखेला घटस्थापना, २४ ला दसरा. नवरात्रात आमच्याकडे मासळी शिजत नाही. हे सगळं लाल पेनाने बाहेर काढलं आणि मग उरलेल्या दिवसांना वार लावले. सोमवारी मोडाची उसळ. मंगळवारी पालेभाजी आणि डाळ, मग ती चवळई असो, लाल माठ असो की मुळ्याचा पाला. शुक्रवारी मासळी, ताजी परवडली तर ताजी, नाहीतर सुकी. रविवारी चिकन किंवा अंडी, आलटून पालटून. शनिवार मुलीला दिला. तिने ठरवायचं, पण २०० रुपयांच्या आत आणि घरात करायचं. पहिल्याच शनिवारी तिने पावभाजी निवडली, बाजारात जाऊन भाव विचारून आली आणि हिरवे वाटाणे न घालता सुके वाटाणे भिजत घातले. तिला ते कोणी सांगितलं नव्हतं.

बुधवार आणि गुरुवार मी उशिराचे दिवस म्हणून वेगळे धरले. त्या दिवशी पंधरा-वीस मिनिटांत होणारंच जेवण. बुधवारी कुळथाची पिठी आणि भात, सोबत भाजलेला सुका बांगडा किंवा पापड. गुरुवारी मुगाची खिचडी आणि कढी, नाहीतर पिठलं. पिठीला काय लागतं? कुळथाचं पीठ, लसूण, मिरची, आमसूल, फोडणी. कुळीथ भाजून दळून आणले की पीठ महिनाभर राहतं. मी घरात येईपर्यंत मुलगी भात लावून ठेवते. तेवढ्याने आमचं बाहेरचं मागवणं निम्म्याहून कमी झालं.

उसळीचं गणित मला नव्याने शिकावं लागलं. सोमवारी रात्री उसळ हवी तर मटकी रविवारी सकाळी भिजत घालावी लागते. रात्री उपसून फडक्यात बांधायची, सोमवारी संध्याकाळपर्यंत मोड येतात. पावसाळ्यात त्याहून जास्त ठेवली तर वास येतो. थंडीत तेवढ्या वेळात मोड येत नाहीत, तेव्हा शनिवारी रात्रीच भिजवायची. पाच माणसांना पाव किलो मटकी पुरते आणि दुसऱ्या दिवशीच्या डब्यापुरती उरते. तूरडाळ तेव्हा किलोला १७० च्या घरात होती. म्हणून वरण सगळं तुरीचं न करता आठवड्यातून दोनदा मुगाचं आणि एकदा मसुराचं केलं. मुलाला फरक कळला, पण त्याने तक्रार केली नाही.

नारळाच्या वाटपाचीही तशीच सोय केली. आमच्या स्वयंपाकाला नारळ सुटत नाही आणि तो सोडायचा माझा विचारही नव्हता. रविवारी दोन नारळ खवून निम्म्याचं कांद्याबरोबर भाजून वाटप करायचं, निम्म्याचं कच्चं, आणि एका जेवणापुरते गोळे करून डब्यात घालून गोठवायचे. पूर्वी महिन्याला वीस नारळ लागायचे, आता चौदा पुरतात. चव तीच आहे. जे सहा वाचले ते पूर्वी टाकले जात होते. कोथिंबीर आणल्या दिवशीच निवडून कागदात गुंडाळून ठेवायची, आणि देठं वाटपात.

सासूबाईंचं सगळंच बरोबर होतं असं नाही. त्यांनी तांदूळ वीस किलो सांगितले. त्यांच्या डोळ्यांसमोर पाळी संपवून आलेले, दिवसभर साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर, उभे राहिलेले कामगार होते. आम्हाला तेरा किलो पुरले, त्यातही त्यांनी स्वतः एकाच वेळी भात खायचा असं डॉक्टरांनी सांगितलेलं. तेलाचा पंधरा किलोचा डबा घ्यायचा त्यांचा आग्रह मी मानला नाही, आमच्या घरी तेवढं तेल संपेपर्यंत शेवटचं खवट होतं. एक गोष्ट मात्र त्यांनी सांगितली आणि मी डोळे झाकून मानली. पावसाळ्यात रवा, बेसन आणि पोहे पंधरा दिवसांच्यावर भरायचे नाहीत, आणि रवा आणल्या दिवशीच कोरडा भाजून ठेवायचा. त्यानंतर आमच्याकडे जाळी धरलेली नाही.

ऑक्टोबरची बेरीज २१,२०० आली. किराणा ८,२००, भाजी-फळं ४,३००, दूध तेवढंच ३,९००, मासळी-अंडी-चिकन २,९०० आणि बाहेरचं १,९००. नवरात्राचे नऊ दिवस मासळी नव्हती, हे धरायला हवं. नोव्हेंबरात दिवाळी आली आणि आकडा २४,६०० वर गेला, तेव्हा मी फराळाचा खर्च वेगळ्या पानावर काढला आणि पुढच्या वर्षासाठी दरमहा ३०० बाजूला टाकायला लागले. साधा महिना आता साडेबावीस हजारांच्या आसपास बसतो. हप्ता वाढला तेवढे निघतात, त्यावर थोडे उरतात.

भाव थांबत नाहीत, ते पुढेही बघितलं. ऑक्टोबर संपताना कांदा अचानक चढला. आम्ही पाच-पाच किलो आणत होतो, ते दोनवर आणलं आणि भाजलेल्या वाटपात कांदा कमी करून खोबरं वाढवलं. २०२४ च्या सुरुवातीला लसूण ४०० रुपयांवर गेला. पिठीला लसूण नसेल तर ती पिठीच नाही, म्हणून बाकी सगळीकडून लसूण काढून बुधवारसाठी राखून ठेवला. असं करता येतं, कारण कागदावर पदार्थ लिहिलेले नसतात.

मुलगा कुळथाची पिठी अजून खात नाही. त्याच्यासाठी बुधवारी भातावर दही असतं. ते मी जिन्नसांत धरलेलं आहे.

मे २०२४ मध्ये सासूबाई म्हणाल्या, महिन्याचं जमलं, आता आगोटीचं बघ. आगोट म्हणजे पावसाळ्याआधीची भरणी. कोकणात चार महिने बाजाराला जाता येत नसे, समुद्र बंद असे, म्हणून मे महिन्यात घर भरून ठेवायचं. आम्हाला आता चार महिन्यांची गरज नाही. पण १ जूनला मासेमारी बंद होते आणि ताजी मासळी दोन महिने परवडत नाही, ते तर दरवर्षीचंच आहे. उरलेल्या पैशांतून बोंबील, जवळा, सुके बांगडे आणि थोडे सोडे घेतले. सोडे महाग म्हणून अगदी थोडे. गावाहून कुळीथ आणि आमसुलं मागवली. सगळ्याला गच्चीवर दोन दिवस ऊन दाखवलं.

कावळे येऊ नयेत म्हणून सासूबाई खुर्ची टाकून काठी घेऊन बसल्या होत्या, शेजारी मुलगी कॅलेंडर आणि पेन्सिल घेऊन. जून आणि जुलैमधले शुक्रवार आठ, बुधवार नऊ. १७ जुलैला बुधवारीच आषाढी एकादशी, ती खोडली. २४ जुलैचा बुधवार संकष्टीत गेला. २१ जूनच्या शुक्रवारी वटपौर्णिमा, माझा उपास. तिने चौदा असं लिहून खाली रेघ मारली आणि एका वेळेला माणशी किती बोंबील धरायचे ते आजीला विचारलं.

“माणशी तीन धर,” सासूबाई म्हणाल्या. “पण दिवस चौदा धरू नको, सोळा धर. पावसात कोणीतरी येतंच.”